हलकी गोळी, किती हलकी?

प्रश्न : मी अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वलगावहून रोज अप-डाऊन करतो. आमच्यातली रूम करून राहणारी काही मुलं परीक्षेच्या दिवसांत भांगेच्या गोळ्या खातात. मी विचारलं तर म्हणाले, ‘अबे, हे आयुर्वेदिक हाय, गांजा थोडीच हाय? यात नशा एक-दोन टक्के रायते, काई नाई होत.’ एकानं मोबाइलवर दाखवलं की स्वित्झर्लंडमध्ये, अमेरिकेत ‘लाइट’ गांजा दुकानात उघड मिळतो. मी घेत नाही. पण टक्के कमी म्हणजे नशा कमी, हे शास्त्राला धरून आहे का? आणि कायद्यात बसतं का?
— एक विद्यार्थी, वलगाव

उत्तर : टक्के कमी म्हणजे नशा कमी, हे अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यातच मुलं फसतात.

आधी खरी बाजू. भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगवेगळ्या झाडांची नावं नाहीत. झाड एकच. त्याच्या पानांची भांग होते, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा होतो आणि फुलोऱ्यावरच्या चिकट राळेचा चरस होतो. नशा आणणारं मुख्य द्रव्य म्हणजे टीएचसी. इस्रायलच्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली त्याची रचना उलगडली. हे द्रव्य पानात सर्वांत कमी, फुलोऱ्यात जास्त आणि राळेत त्याहून जास्त असतं. भांगेला ‘हलकी’ म्हणतात ते यामुळे, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरच आहे.

पण टक्का सांगतो तो मालाचा जोर. पोटात किती गेलं हे तो सांगत नाही. दारूचंच उदाहरण घ्या. पाच टक्क्यांची ६५० मिलीची बिअरची बाटली संपवली तर जवळजवळ साडेबत्तीस मिली शुद्ध मद्य पोटात जातं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमधून जेमतेम पावणेसव्वीस मिली जातं. ‘हलकी’ बाटली ‘कडक’ पेगपेक्षा जास्त मद्य देऊन जाते. हाच हिशेब भांगेला लावा. पाल्यात एकच टक्का टीएचसी धरली तरी एका ग्रॅमला १० मिलीग्रॅम झाली, आणि दोन-तीन ग्रॅमच्या गोळ्याला २० ते ३०. अमेरिकेतल्या कोलोरॅडोसारख्या राज्यांत जिथे परवान्याने गांजाच्या खाऊच्या वड्या विकतात, तिथे मोठ्या माणसाचा एक पूर्ण डोस १० मिलीग्रॅमचा धरतात, आणि नवख्याला त्याच्या निम्म्याने किंवा त्याहून कमीने सुरू करायला सांगतात. तुमच्या मित्रांची ‘काई नाई’वाली गोळी दोन-तीन माणसांचा डोस असू शकते.

‘असू शकते’ असं मी मुद्दाम म्हणतो. झाडात हे द्रव्य बहुतांशी आम्लाच्या रूपात असतं आणि त्या रूपात ते फारशी नशा देत नाही. वाळवल्याने, भाजल्याने, उकळल्याने त्याची टीएचसी होते. म्हणून एकाच शेतातला पाला एकाने कच्चा वाटला आणि दुसऱ्याने तुपात परतला, तर परिणामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाला कुठला, किती जुना, त्यात फुलोऱ्याचे तुकडे किती मिसळले, यानेही आकडा हलतो. रूमवरच्या कुणालाच हा आकडा माहीत नसतो, विकणाऱ्यालाही नसतो. विद्यार्थ्यांना या मालाची माहिती नाही असं मी म्हणणार नाही. नावं त्यांना पाठ असतात, भाव माहीत असतो, कुठं मिळतं तेही माहीत असतं. माहीत नसते ती मात्रा, आणि शरीराला मात्रेशिवाय दुसरं काही कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धूर ओढला तर टीएचसी फुप्फुसातून रक्तात जाते आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचते. ओढणाऱ्याला लगेच कळतं आणि पुरे झालं की तो थांबू शकतो. खाल्लेली किंवा प्यायलेली भांग आधी पोटातून यकृतात जाते. तिथे टीएचसीचं ‘११-हायड्रॉक्सी टीएचसी’ नावाचं दुसरं रूप तयार होतं, आणि तेही मेंदूवर जोरकस काम करतं. या वाटेने परिणाम सुरू व्हायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, शिखर दोन ते चार तासांनी येतं आणि उतरायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त लागतात. पोरं काय करतात? नऊला एक गोळी खातात. पाऊण तास झाला तरी काही वाटत नाही, म्हणून ‘माल कच्चा हाय’ म्हणत दुसरी खातात. साडेअकराला दोन्ही गोळ्या एकदम अंगावर येतात. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, वेळ थिजल्यासारखी वाटते, आपण मरतोय अशी खात्री वाटू लागते, उलट्या होतात, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘हलक्या’ मालाची अशी फजिती गांजा ओढणाऱ्यांपेक्षा खाणाऱ्यांची जास्त होते, ती या उशिरामुळे.

होळीची ठंडई बनताना कधी नीट पाहा. पाला धुऊन, बदाम, मिरे, खसखस, बडीशेप यांच्याबरोबर पाट्यावर बारीक वाटतात, त्याचा हिरवा गोळा दुधात कालवतात आणि फडक्यातून गाळतात. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. म्हणून दूध आणि बदाम हे फक्त चवीपुरते नसतात, ते तिला धरून ठेवतात. आणि गाळणं सैल असेल तर बारीक चोथा पातेल्याच्या तळाशी बसतो. वरचे पाच-सहा ग्लास साधे लागतात आणि तळातले दोन ग्लास ज्याच्या वाट्याला येतात, त्याला रात्री सलाइन लावायची वेळ येते. एका पातेल्यातल्या सगळ्यांनी ‘एक-एक ग्लासच’ घेतलेला असतो.

तुमच्या मित्रांच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे आता या. काचेच्या बरणीत किंवा माळ लावून टांगलेली, चमकदार कागदाची ही पाकिटं असतात. पुढे देवाचं नाहीतर द्राक्षांचं चित्र, मागे खडीसाखर, सुंठ, मिरे, मुनक्का अशी घटकांची यादी, त्यातच भांगेचं नाव, आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरांत ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’. हे शेवटचं वाक्य कायद्याने सक्तीचं आहे. औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या नियमांमध्ये आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक यादी आहे, अनुसूची ई (१). बचनाग, धोत्रा, कुचला यांच्या पंगतीत भांगही त्यात आहे. भांग आयुर्वेदात आहे हे तुमच्या मित्रांचं म्हणणं खरं आहे. विजया या नावाने ती जातीफलादी चूर्णात पडते, आणि पोटाच्या काही विकारांत वैद्य ते मोजून देतात. पण पाकिटावर आयुर्वेदाचं नाव आहे म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री दोन गोळ्या खाणं हे औषध होत नाही.

परदेशातल्या ‘लाइट’ मालाचंही असंच आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०११ पासून एक टक्क्यापेक्षा कमी टीएचसीचा गांजा अंमली पदार्थांच्या कायद्याबाहेर आहे. त्या फुलांमध्ये सीबीडी हे दुसरं द्रव्य भरपूर असतं, आणि सीबीडीने नशा चढत नाही. ओढण्यापुरतं पाहिलं तर एक टक्क्याची ही मर्यादा बऱ्यापैकी काम करते, कारण माणूस ओढून ओढून किती ओढणार? खाण्याच्या पदार्थात मात्र टक्केवारी पार कोसळते, आणि अमेरिकेने ते स्वतःवर प्रयोग केल्यासारखं दाखवून दिलं. तिथल्या २०१८ च्या शेती कायद्याने ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसीचं पीक ‘हेम्प’ म्हणून मोकळं केलं. हेतू धागा, बी आणि तेल यांचा होता. व्यापाऱ्यांनी हिशेब केला : ५० ग्रॅमच्या चॉकलेटचे ०.३ टक्के म्हणजे १५० मिलीग्रॅम, मोठ्या माणसाचे पंधरा डोस, आणि तरी कागदावर ‘हेम्प’! पेट्रोल पंपांवरसुद्धा अशा वड्या विकल्या जाऊ लागल्या. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने व्याख्या बदलली आणि तयार मालाच्या एका पाकिटात ०.४ मिलीग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नको असं ठरवलं. अंमलाला वर्षभराची मुदत दिली. टक्का सोडून मिलीग्रॅमवर यायला त्यांना सात वर्षं लागली. तुम्हाला हे आजच कळलं आहे, मित्रांनाही सांगा.

कमी जोराच्या मालाचा धोका कमी असतो, हेही मी लपवणार नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांचा एक अभ्यास आला, मार्टा दी फोर्ती यांचा. दहा टक्क्यांच्या वरच्या टीएचसीचा माल रोज ओढणाऱ्यांमध्ये भ्रमिष्टपणाच्या आजाराची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. कमी जोराच्या मालात हा संबंध सौम्य होता. पण वय विसरू नका. मेंदूचा पुढचा भाग, ज्याच्यावर आपला संयम आणि निर्णय चालतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. गांजा-भांग घेणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्क्यांना त्याची पकड बसते. विशीच्या आत सुरुवात करणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे सहांत एक. रूमवर सहा जण असतील तर हा आकडा डोळ्यांपुढे आणा.

आणि परीक्षेसाठी? त्यासारखी उलटी निवड नाही. टीएचसी मेंदूच्या ज्या भागावर बसते, त्यात हिप्पोकॅम्पस येतो, आणि नुकतं वाचलेलं साठवण्याचं काम तोच करतो. गोळी खाऊन वाचलेली पानं डोळ्यांखालून जातात, डोक्यात राहत नाहीत. झोप लवकर लागते हे खरं. पण स्वप्नांची झोप घटते, आणि वाचलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा हात असतो. रोज घेणाऱ्याने गोळी बंद केली की काही दिवस झोपच उडते, मग ‘गोळीशिवाय झोप येत नाही’ असं वाटून तो परत तिकडे वळतो.

आपल्याकडे हे नवं नाही. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भांग-गांजा-चरसाची चौकशी करणारा आयोग नेमला. ब्रिटिश संसदेत प्रश्न उठला होता की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजाने भरताहेत का. आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या, वऱ्हाडातल्याही. इस्पितळांच्या नोंदवह्या तपासल्या तेव्हा कळलं की बऱ्याच ठिकाणी रोग्याच्या नावापुढे ‘कारण : गांजा’ हे कारकुनाने चौकशी न करताच लिहून टाकलं होतं. बेताने घेणाऱ्याचं फार बिघडत नाही, अतिरेकाने बिघडतं, आणि सरसकट बंदीपेक्षा कर आणि परवाने बरे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. आजही पुष्कळ लोक हा अहवाल पुढे करतात. तो प्रामाणिक होता असं माझं मत आहे. पण साक्षी होत्या त्या बहुतेक सरकारी अधिकाऱ्यांच्या आणि डॉक्टर-वैद्यांच्या. एकोणीस वर्षांच्या, सेमिस्टरच्या ताणात असलेल्या पोराला तो प्रश्न कुणी विचारला नव्हता.

कायद्याचं. १९८५ च्या एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या ‘फुलोरा’ अशी आहे. सुटी पानं आणि बिया, फुलोऱ्याशिवाय असतील तर, त्यातून वगळल्या आहेत. म्हणून भांग केंद्राच्या त्या कायद्यात येत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये हेच सांगितलं. तुमच्या मित्रांनी इथपर्यंत ऐकलं असणार. पुढचं ऐकलं नसेल. केंद्राने सोडलं ते राज्याने धरलं आहे. महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा मादक द्रव्यात भांगही मोजतो, आणि परवान्याशिवाय ती बाळगणं, विकणं, घेणं इथे गुन्हा आहे. मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याची भांगेची दुकानं आहेत. तिथे पाहिलेलं इथे चालत नाही. महाशिवरात्रीला सालबर्डी किंवा पचमढीला जाऊन येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. आणि पाल्यात फुलोऱ्याचे तुरे सापडले तर तो गांजाच. मग एक किलोपर्यंत ‘अल्प मात्रा’ धरून वर्षभरापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर दहा ते वीस वर्षं.

मित्रांना कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठातून तुमची गुणपत्रिका निघते, त्या गाडगेबाबांनी तुमच्याच वलगावजवळ, पेढीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला. बाबा कीर्तनात उपदेश कमी करायचे, प्रश्न जास्त विचारायचे, आणि उत्तर समोरच्या गर्दीकडूनच काढून घ्यायचे. तुम्हीही तेच करा. ‘या गोळीत किती मिलीग्रॅम?’ एवढंच विचारा. आणि एक गोष्ट मात्र प्रश्नाच्या भाषेत नको, सरळ सांगा : गोळी खाल्लेल्याच्या मागे गाडीवर बसायचं नाही. खाल्ल्यापासून निदान आठ तास त्याने हँडलला हात लावायचा नाही. परतवाडा-दर्यापूरच्या वाहतुकीत रात्री एक क्षण चुकला तरी पुरे.

कुणाची तब्येत बिघडलीच तर त्याला एकटं सोडू नका, अंधाऱ्या खोलीत कोंडू नका. शांत जागी एका कुशीवर झोपवा, थोडं थोडं पाणी द्या, आणि ‘हे काही तासांत उतरतं’ असं सांगत राहा. उतारा म्हणून लिंबू, लोणचं चारतात, त्याचा भरवसा धरू नका. वर दारू तर अजिबात नको. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, झटका आला किंवा भ्रम उतरतच नसेल तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरला काय खाल्लं ते खरं सांगा. खोटं सांगितल्याने उपचार चुकतात.


प्रश्न : मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला तेव्हा बॅग आवरताना एक पुडी सापडली. तो म्हणतो, ‘आई, ही भांगच आहे, सगळे घेतात.’ त्याच्या बाबांना मी अजून सांगितलं नाही. काय करू?
— एक आई, अकोला

उत्तर : ताई, तुम्ही ओरडण्याआधी लिहिलंत, हे फार बरं केलंत.

‘सगळे घेतात’ हे खरं नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं देशभराचं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात १० ते ७५ वयोगटातल्या २.८ टक्के लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचं दिसलं. भांग घेणारे साधारण दोन टक्के होते. मुलाच्या खोलीतले सगळे घेत असतील, म्हणून त्याला जग तसं दिसतं. हे त्याला आकड्यासकट सांगा, इंजिनिअरिंगच्या मुलाला आकडा पटतो.

पुडीत काय आहे ते पाहा. हिरवी पूड किंवा काळपट गोळी असेल तर भांग असावी. वाळलेले, चिकट, तीव्र वासाचे तुरे असतील तर तो गांजा आहे, आणि ‘भांगच आहे’ हे त्याने तुम्हाला धीर द्यायला म्हटलं. मोठ्या शहरांत आता विदेशातून चोरून आणलेला, बंद खोलीत वाढवलेला ‘हायड्रो’ गांजाही फिरतो. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्यांकडून तो वारंवार पकडला गेला आहे. त्याचा जोर आपल्या जुन्या गांजाच्या कितीतरी पट असतो. तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

मग त्याच्याशी बोला, जेवणाच्या ताटावर नको आणि नातेवाईक घरात असताना तर नकोच. किती दिवसांपासून, आठवड्यातून किती वेळा, एकटा घेतो की मित्रांबरोबर, घेतली नाही तर काय होतं, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं. रोज घेणाऱ्याने बंद केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चिडचिड होते, भूक मरते, झोप उडते, विचित्र स्वप्नं पडतात. पहिला आठवडा कठीण जातो आणि साधारण पंधरवड्यात ते ओसरतं. सुट्टीत तो उगाच आदळआपट करत असेल, तर कारण हे असू शकतं. त्या दिवसांत त्याला घरीच ठेवा, भांडण उकरून काढू नका.

बाबांना सांगा, मात्र तुम्ही दोघांनी काय बोलायचं ते आधी ठरवून. एकाने मारायचं आणि दुसऱ्याने पाठीशी घालायचं, असं झालं की पोर मधल्या फटीतून निसटतं.

एका बाबतीत अजिबात थांबू नका. त्याला कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटत असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, तो रात्र-रात्र जागून स्वतःशी बोलत असेल, किंवा घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, तर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात लगेच न्या. बाकी वेळी १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ वर टेली-मानसचे समुपदेशक मराठीतही बोलतात. पुण्यात तर डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहेच.

पोलिसांचं भय वाटत असेल तर हे जाणून घ्या : अल्प मात्रेच्या प्रकरणात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला आणि ते पूर्ण केले, तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. आईने मुलाला डॉक्टरकडे नेणं हा गुन्हा नाही. पुडी मात्र घरात ठेवू नका.


प्रश्न : मी राज्य पातळीवर कुस्ती खेळते. रूममेट म्हणते सीबीडीचं तेल लाव, दुखणं थांबतं, त्यात टीएचसी ‘नसल्यासारखीच’ असते. डोप टेस्टमध्ये अडकेन का?
— एक खेळाडू, अमरावती

उत्तर : अडकू शकतेस. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीतून सीबीडी २०१८ मध्ये बाहेर काढलं गेलं, पण टीएचसी स्पर्धेच्या काळात बंदच आहे. लघवीत १५० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर ही मर्यादा आहे. आपल्याकडे ‘सीबीडी’ म्हणून जे तेल मिळतं, ते बहुतेकदा विजयाच्या पानांचा अख्खा अर्क असतो, आणि पानांत टीएचसी आहेच. कातडीला लावलेल्यातून रक्तात फार जात नाही. जिभेखाली घेतलेल्या थेंबांतून जातं. शिवाय टीएचसी चरबीत साठते. एखाद वेळेस घेणाऱ्याच्या लघवीत ती तीनेक दिवस दिसते, नेहमीच्यांच्या महिनाभरही. स्पर्धेबाहेर घेतली आणि खेळाशी संबंध नव्हता हे तू सिद्ध केलंस, तर बंदी तीन महिन्यांची, उपचार घेतल्यास एक महिन्याची होऊ शकते. पण तीन महिन्यांत हंगाम संपतो. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावात चांगल्या मालिशवाल्यांची आणि फिजिओथेरपिस्टची वाण नाही. तिकडे जा.

हेम्पच्या बियांची चटणी किंवा तेल वेगळं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये त्याला अन्न म्हणून मान्यता दिली आहे, आणि बियांमध्ये किलोला ५ मिलीग्रॅम, तेलात १० मिलीग्रॅम एवढीच टीएचसी चालते. इथे मर्यादा मिलीग्रॅममध्ये आहे हे बघ. तरी स्पर्धेच्या महिन्यात तेही टाळ. आपल्या जवस-तिळाच्या चटणीत काही कमी नाही.


प्रश्न : मुलगी कॅनडात शिकते. माझे गुडघे दुखतात म्हणून तिकडच्या कायदेशीर दुकानातून ‘कमी पॉवरच्या’ गमीज कुरिअरने पाठवते म्हणाली. एका पाकिटात १० मिलीग्रॅमच आहेत. चालेल का?
— निवृत्त शिक्षक, अंजनगाव सुर्जी

उत्तर : गुरुजी, नाही. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ ला गांजा कायदेशीर केला आणि खाण्याच्या पदार्थांना दर पाकिटाला १० मिलीग्रॅमची मर्यादा घातली, हे तिचं म्हणणं बरोबर आहे. पण त्याच देशाच्या कायद्याने तो सीमेबाहेर पाठवणं गुन्हा आहे, आणि भारतात मागवणं एनडीपीएसच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. तिथे भांगेची पळवाट नाही, कारण त्या गमीमध्ये अर्क असतो, पान नसतं. पाठवणारी म्हणून तिचं नाव पार्सलवर असेल आणि तिचा व्हिसा तिकडचा आहे. पुढे कधी तिला अमेरिकेला जायचं झालं, तर तिथल्या केंद्रीय कायद्यात गांजा अजून बेकायदाच आहे आणि परदेशी विद्यार्थ्याला त्याची नोंद प्रवेशापासूनही अडवू शकते.

गुडघ्याच्या झिजेवर या गोळ्यांचा उपयोग होतो असा खात्रीचा पुरावाही नाही. तुम्ही रक्त पातळ करणारी वॉर्फरिनसारखी गोळी घेत असाल तर सीबीडीने तिचा रक्तातला अंश वाढतो आणि रक्तस्रावाचं भय असतं. या वयात तोल जाऊन पडलात तर गुडघ्याचं दुखणं परवडलं असं वाटेल. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम अमरावतीच्या कुठल्याही फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, तो रोज करा. विजयायुक्त औषध घ्यायचंच असेल तर नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवर, आणि सध्याच्या सगळ्या गोळ्या त्यांना दाखवून.

मुलीला आजच फोन करा. पार्सल टाकलं नसेल तर टाकू नको म्हणावं.